बंद दाराआडची दाद

वाड्याच्या ओसरीवर बसलेल्या पाहुण्यास माजघरांतलें कांहीं दिसत नाहीं. ओसरी गांवाची आणि माजघर घराचें, ही मर्यादा शेजारी पाळीत आले आणि पुष्कळ काळ सरकारहि पाळीत आलें. परंतु ज्याला स्वतःचें गाऱ्हाणें सांगतां येत नाहीं, अशा वेड्या किंवा जराजर्जर माणसाचा छळ माजघरांतच होऊं लागला, तर त्याची दाद कोणीं घ्यावी?

१८१८ सालीं खानदेश इंग्रजी अमलांत आला व धुळें हें त्याचें मुख्य ठिकाण झालें. त्यानंतर चाळीस वर्षांनीं, १८५८ सालीं, वेड्यांच्या इस्पितळांविषयींचा ३६ वा कायदा झाला. त्यानें पोलीस अंमलदारावर दोन कामें सोंपविलीं. मोकाट फिरणाऱ्या वा धोकादायक वेड्यास मॅजिस्ट्रेटपुढें नेणें हें पहिलें. नातलगांकडून कोणा वेड्याची हेळसांड किंवा छळ होत असल्यास तें मॅजिस्ट्रेटास कळविणें हें दुसरें. अशा माणसास समक्ष आणवून, नातलगास जाब विचारून, नीट सांभाळ करण्याचा हुकूम देण्याचा अधिकार मॅजिस्ट्रेटास मिळाला. १९१२ च्या कायद्यानें हीच योजना पुढें चालविली. हुकूम जाणूनबुजून मोडणाऱ्यास एक महिन्यापर्यंत कैद होती.

अधिकार मोठा होता. पण तो पोलिसाच्या कानावर अवलंबून होता. मोकाट वेड्याचा बोभाटा रस्त्यावर होई; घरांत बांधून ठेवलेल्याचा आक्रोश उंबरठ्याबाहेर जात नसे. गांवचा पाटील हा सरकारचा कान खरा, परंतु तोहि पुष्कळदां त्याच भाऊबंदकींतला. नातलग सारेच निर्दय होते असेंहि नव्हे. १९०६ सालीं खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे होऊन जळगांव व धुळें हीं त्यांचीं मुख्य ठिकाणें झालीं, तरी वेड्यांचें इस्पितळ दोहोंतहि नव्हतें. १९०१ सालीं ठाण्यास तें निघालें. धुळेंकरांस चाळीसगांवीं गाडी बदलून, घाट उतरून तेथें जावें लागे. उपचार दूर आणि लोकलज्जा जवळ, अशा स्थितींत दोरखंड हाच इलाज ठरे.

स्वातंत्र्यानंतर चाळीस वर्षांनीं, १९८७ च्या कायद्यानें, छळाची वर्दी मॅजिस्ट्रेटास देण्याची मुभा कोणाहि खाजगी माणसास दिली. मुभेनें मात्र भागलें नाहीं. ६ ऑगस्ट २००१ रोजीं तामिळनाडूंतील एरवाडी येथें आग लागून साखळीनें जखडलेले २८ मनोरुग्ण होरपळून मेले. शेजारीं वस्ती असूनहि त्या साखळ्या कोणीं सोडविल्या नव्हत्या.

२००७ सालीं वृद्धांसाठीं निराळा कायदा झाला. निर्वाहाच्या तक्रारी ऐकणारें न्यायाधिकरण अर्ज येण्याची वाट न पाहतां स्वतः होऊन चौकशी सुरू करूं शकतें. महाराष्ट्रांत तें काम प्रांताधिकाऱ्याकडे आहे. वृद्धास टाकून देणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पांच हजार रुपयांपर्यंत दंड सांगितला गेला.

पुढें २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानें रुग्णास साखळीनें बांधण्यास मनाई केली. आणि त्याचा छळ होत असल्याचें ज्यास कळेल, त्यानें तें पोलीस ठाण्यास कळविलेंच पाहिजे, असें ठरविलें.

पोलिसानें कळवावें, कोणासहि कळवितां यावें, कळणाऱ्यानें कळविलेंच पाहिजे, अशा तीन पायऱ्या चढण्यास जवळजवळ एकशें साठ वर्षें लागलीं. चौकशीचा अधिकार सरकारजवळ पूर्वीपासून होता. त्यास जाग आणणें हें ओसरीवर बसणाऱ्या माणसाचें काम, हें मात्र कायद्यास फार उशिरां सांगतां आलें. धुळ्याजळगांवाकडील बंद दारांसहि तोच कायदा लागू आहे. आंतला आवाज ऐकूनहि उठून जाणाऱ्या पाहुण्यास आतां मर्यादेची सबब उरलेली नाहीं.