डर्ट बाईकचे इंजिन कव्हर तडकले तर

डर्ट बाईकचे इंजिन कव्हर अनेकदा दगडाने नव्हे, गाडीच्याच ब्रेक पेडलने फुटते. गाडी आडवी पडली की पेडल किंवा गिअर लिव्हर आत वळून क्लच वा मॅग्नेटो कव्हरवर आदळते. कव्हर ओतीव अॅल्युमिनियमचे. फारसे वाकत नाही, सरळ तडकते.

ऑइल गळत असताना गाडी दामटू नये. इंजिन जाम होईलच, पण मागच्या टायरवर ऑइल उडाले तर चालकही आपटेल.

रानात अडकल्यास इंजिन थंड होऊ द्या, गाडी दुसऱ्या कुशीवर झुकवा, तडा स्वच्छ पुसून घासा आणि इपॉक्सी पुट्टी दाबून बसवा. ऑइलचा अंश राहिला तर पुट्टी पापडासारखी सुटते. हा इलाज घरी पोचण्यापुरताच.

कायमचे काम आर्गन वेल्डिंगचे. तडा कुठवर गेलाय ते आधी शोधावे: रॉकेल लावून पुसा, वर खडूची पूड टाका, रेघ उमटते. तिच्या टोकांना सुमारे ३ मिमीचे भोक पाडावे, नाहीतर तडा पुढे पळतो. काही गाड्यांची कव्हरे मॅग्नेशियमची असतात, त्याचा कीस पेट घेतो आणि पाण्याने आणखी भडकतो. वेल्डरला हे आधीच सांगा. वेल्डिंगनंतर कव्हर सपाट काचेवर ठेवून बघावे; गॅस्केट नवेच घालावे.

बॅश प्लेट पोट वाचवते, कुशी नाही. त्यासाठी साइड गार्ड हवा. पेडलच्या टोकापासून फ्रेमपर्यंत बारीक स्टीलची केबल बांधली तर पेडल बाहेर ओढले जाऊन वाकत नाही. चेनकडेही लक्ष असू द्या: तुटलेली चेन पुढच्या स्प्रॉकेटजवळ गुंडाळून थेट क्रँककेस फोडते, आणि तो खर्च कव्हरच्या कितीतरी पट.