अँबॅसडर मोटारीची घरगुती दुरुस्ती (खानदेश)

मॉरिस ऑक्सफर्ड (मालिका ३) या ब्रिटिश मोटारीवर बेतलेल्या अँबॅसडर गाडीची मालकाने घरीच केलेली देखभाल व सुधारणा.

हिंदुस्थान मोटर्सने ही गाडी १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून मे २०१४ पर्यंत उत्तरपाडा (पश्चिम बंगाल) येथे बनवली.

१,४८९ घ. सेंमी. इंजिन, पुढे टॉर्शन बार आणि मागे पाटे अशी रचना साधी असल्याने टॅपेट, पॉइंट व कार्ब्युरेटरची जुळणी अंगणात होते. मात्र बहुतेक नटबोल्टना इंची पाने लागतात. वेगळी चासी नसल्याने गंजलेला तळपत्रा दुर्लक्षिणे धोक्याचे.

खानदेशात (पहा : धुळे, जळगाव) उन्हाळी पारा ४५° से.च्या आसपास जातो. तेव्हा इंजिनालगतच्या पंपात पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा तुटतो व गाडी बंद पडते. पंपावर ओले फडके गुंडाळणे हा तात्पुरता उपाय. इंजिनापासून दूर विजेचा पंप बसवणे हा टिकाऊ. पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक इग्निशन, पुढे डिस्क ब्रेक व कारखान्यानेच १९९० च्या दशकात दिलेले १.८ लिटरचे इसुझू इंजिन या अन्य सुधारणा होत (पहा : अंतर्ज्वलन-एंजिन).

इंजिन बदलल्यास नोंदणीपुस्तकात (नोंदणी संकेत : धुळे एमएच-१८, जळगाव एमएच-१९) तशी नोंद आवश्यक असते. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या, चासी, बॉडी व इंजिनात मोठा फेरफार नसलेल्या खासगी गाडीस ‘व्हिंटेज’ नोंदणी मिळते. अशी गाडी नित्य वा व्यावसायिक वापरासाठी चालवता येत नाही.