वर्षअखेरची चकली

व्यापाऱ्याचं वर्ष दिवाळीत संपतं, तसंच मराठी वाचकाचंही. तो वह्यांची पूजा करतो, आपण विचारतो, "काय हो, यंदा कुठला अंक बरा?" ही खोड आपल्याला लावली काशिनाथ रघुनाथ आजगावकरांनी. 'मित्र' हे आडनाव त्यांनी आपणहून घेतलं आणि १९०९ साली आपल्या 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढून ते सार्थही केलं. तेव्हापासून फराळाला तोंडी लावायला वाद मिळाला. वाचनालयाचा अंक दहा घरं फिरून येतो, तेव्हा त्यावर तेलाचे डाग असतात आणि समासात भांडणं. "कथा फसली!" खाली दुसऱ्या अक्षरात, "तुम्हाला कळली नाही!" चकली आठवड्यात मऊ पडते, वाद शिमग्यापर्यंत कुरकुरीत राहतो. तो ज्या वर्षी होणार नाही, त्या वर्षी दिवाळी झाली असं फक्त पंचांगच म्हणेल.