मोकळी जागा

मोडी कागद वाचायला बसलेल्या माणसाला अक्षरांइतकीच छळते ती शब्दांची सीमा. आधी आखून घेतलेल्या शिरोरेषेखाली लेखणी सलग धावते. शब्द कुठे तुटतो हे वाचणाऱ्याने ठरवायचे. लॅटिन लेखनही कित्येक शतके असेच सलग होते. सातव्या-आठव्या शतकांत आयरिश भिक्षूंनी शब्दांमध्ये जागा सोडण्याचा प्रघात पाडला, तो वाचकाच्या सोयीसाठी. संगणकाच्या इतिहासात मात्र हीच मोकळी जागा अडचणीची ठरली.

१९७०च्या दशकात युनिक्सच्या शेलने आज्ञेचे तुकडे पाडण्याची खूण म्हणून जागा निवडली. फाइलच्या नावात जागा असण्याला युनिक्सची मनाई नव्हतीच. पण नाव अवतरणचिन्हांत घातले नाही, तर शेल त्या एका नावाची दोन करी. डॉसमध्ये नाव आठ अधिक तीन अक्षरांत कोंबावे लागे, तिथे मोकळ्या जागेची चैन कोण करणार? १९८४ साली मॅकिंटॉश आला. तिथे आज्ञा टंकायची नव्हती, चित्रावर टिचकी मारायची होती. साहजिकच माणसे बोलतात तशी नावे देऊ लागली.

ऑगस्ट १९९५मध्ये विंडोज ९५ने २५५ अक्षरांपर्यंतची नावे दिली आणि मुख्य फोल्डरचेच नाव 'प्रोग्राम फाइल्स' असे दोन शब्दांचे ठेवले. जुन्या प्रोग्रामांसाठी त्याचे 'प्रोग्रा~१' हे खुरटलेले रूपही सोबत राहिले. हा मार्ग अवतरणाविना लिहिला, तर विंडोज आधी 'सी' ड्राइव्हवर नुसत्या 'प्रोग्राम' नावाचा प्रोग्राम शोधते. तसा कुणी तिथे मुद्दाम ठेवला तर तोच चालतो! सुरक्षेतले हे भगदाड पुढे कितीतरी प्रोग्रामांत सापडत राहिले.

नोव्हेंबर २००१मध्ये अ‍ॅपलच्या आयट्यून्स २च्या स्थापकाने तर कहर केला. जुनी प्रत पुसणाऱ्या ओळीत अवतरणे राहून गेली होती. डिस्कच्या नावात जागा ठेवणाऱ्यांपैकी काहींची संपूर्ण डिस्क पुसली गेली. दुरुस्त आवृत्ती लगोलग निघाली, पण गेलेले काही त्याने परत येणार नव्हते. अशा वेळी 'नावात जागा ठेवूच नये' असा उपदेश वापरणाऱ्याला केला जातो, तो आम्हांला अन्यायाचा वाटतो. चूक अवतरणे विसरणाऱ्याची, आणि शिस्त मात्र आपल्या फोल्डरला सरळ भाषेत नाव देणाऱ्याला!

२००७ साली बाजारात आलेल्या विंडोज व्हिस्टाने 'डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज' हे लांबलचक नाव टाकून 'यूझर्स' एवढेच ठेवले. 'प्रोग्राम फाइल्स' मात्र तसेच राहिले.