फुकटच्या कोंबड्या

"कोंबड्यांना काय लागतंय? दिवसभर उकिरड्यावर टिपायचं, सांजच्याला खुराड्यात यायचं. फुकटचं उत्पन्न!"

हे बोलणं मी लहानपणापासून ऐकत आलो. वडील म्हणायचे, चावडीच्या कट्ट्यावरची माणसं म्हणायची. पुढं मास्तर झाल्यावर शेतीचे जोडधंदे शिकवताना मीही पोरांना तेच सांगितलं. निवृत्त होऊन गावी राहायला आलो, दहा तलंगा नि एक कोंबडा विकत घेतला आणि मास्तरकीच्या सवयीनं एक वही घातली. त्या वहीनं पन्नास वर्षांमागचा एक हिशोब उकरून काढला. तोच इथं मांडतो आहे.

आमचं गाव माणदेशातलं. पाऊस बेताचा, रान खडकाळ. घरात वाटण्या ठरलेल्या होत्या. बैल वडलांचे, शेळ्या आजीच्या, कोंबड्या आईच्या. अंड्यांचे पैसे बाईचे, त्यावर गड्यानं हात टाकायचा नाही, हे कुणी लिहून ठेवलेलं नव्हतं; पण मोडलेलंही मी पाहिलं नाही. मीठमिरची, चहासाखर, पाटीवरची पेन्सिल, बांगड्या, पाहुण्याच्या पोराच्या हातावर ठेवायचे आठ आणे, हे सगळं खुराड्यातून निघायचं.

आईची पहिली कोंबडी तिच्या मालकीची नव्हती. शेजारच्या आत्यानं ती अर्धलीनं दिली होती. म्हणजे कोंबडी आत्याची, राखण आईची, आणि पिल्लं मोठी झाली की निम्मी निम्मी. हातात दमडी नसलेल्या बाईला जितराबाची मालकीण होण्याचा हा एकच रस्ता होता. बँका गावात फार उशिरा आल्या; हे भांडवल त्याआधीपासून परड्यापरड्यातून फिरत होतं.

कोंबडी दहा-पंधरा अंडी देते आणि खुडूक होते. मग आई टोपलीत राख नि भुसकट घालून तिला अंड्यांवर बसवायची. अंडी अकरा नाहीतर तेरा, जोड आकडा नको. सातआठ दिवसांनी रात्री कंदिलापुढं एकेक अंडं धरून बघायची. आत लाल शिरा दिसल्या तर अंडं जिवंत, नाहीतर गाळ. एकविसाव्या दिवशी टोपलीतून चिवचिव ऐकू यायची. अकरातली आठ पिल्लं निघायची आणि घार, कावळा, मुंगूस, मांजर यांचा वाटा जाऊन तीन-चार मोठी व्हायची. वर्षाला एका गावरान कोंबडीची अंडी साठ-सत्तर. त्यातली काही बसवायची, काही घरात, उरलेली बाजारात.

आता 'फुकट' म्हणजे काय ते बघू. पहाटे खुराडं उघडून झाडायचं. राख टाकायची. पाण्याचं परळ घासून भरायचं. जात्याभोवती सांडलेलं, सुपातलं फोलपट, कण्या वेगळ्या ठेवायच्या. पिल्लं असली की जुन्या मडक्यात ओलं शेण नि कडब्याचा चुरा भरून ते वाळवीच्या जागी पालथं घालायचं. सकाळी उचललं की आत वाळवी भरलेली, ती पिल्लांपुढं झटकायची. दिवसभर एक कान आभाळाकडं, घारीवर. कुणाची कोंबडी कुणाच्या जोंधळ्यात गेली म्हणून भांडणं. सांजेला मोजून डालायच्या, एक कमी भरली की अंधारात बांधाबांधानं "तीऽ ती ती" करत हिंडायचं. हे सगळं आई आणि माझी धाकटी बहीण करायच्या. मी अभ्यास करायचो.

१९७२ च्या दुष्काळात बैल चाऱ्यावाचून मोडले. आजीच्या शेळ्या विकल्या. आई-वडील दोघंही खडी फोडायला जात होते. रेशनवर तांबडा मिलो मिळायचा, त्याच्या भाकरीचं तोंड कडू व्हायचं. त्या वर्षात परड्यात टिकलं ते कोंबड्यांचं खुराडं. अंडी आम्हाला खायला नव्हती, ती विकून तेलमीठ यायचं. दुष्काळात कोंबडी तग धरते, कारण ती माणसाच्या घासात वाटेकरी होत नाही. माणसानं टाकलेल्यावर जगते. पण खडी फोडून आलेल्या बाईनं त्यानंतर वाळवीचं मडकं लावायचं, हे त्या वाक्यात कुठंच येत नाही.

मी दहावीची परीक्षा दिली ते वर्ष १९७६. त्याच वर्षी बहीण सातवी पास झाली. गावातली शाळा सातवीपर्यंतच. तिला आठवीला तीन कोसांवर जायचं होतं आणि मला अकरावीला तालुक्याला. ई.बी.सी.च्या सवलतीत फी माफ होती, पण वह्या-पुस्तकं, कपडे, एस.टी.चा पास, माझ्या खोलीचं भाडं, हे कोण देणार? आईनं वर्षभर कोंबड्या वाढवल्या होत्या. बावीस झाल्या होत्या. जूनमध्ये निम्म्या विकायच्या, दोघांचंही भागेल, असा तिचा हिशोब होता.

चैत्रात मर आली. आमच्याकडं तिला मानमोडी म्हणतात. पहिल्या दिवशी एक कोंबडी पंख पाडून कोपऱ्यात बसली. हिरवट-पांढरी हगवण, चोच उघडून घरघर, मग मान उलटी पिळवटायची. आईनं हळद-लसूण वाटून चारलं. दुसऱ्या दिवशी सात गेल्या. तिसऱ्या दिवशी उभ्या होत्या नऊ. वडील म्हणाले, "उद्या बाजार हाय. उभ्या हायत तवर इकून टाक."

आई म्हणाली, "आन् दुसरीच्या खुराड्यात मर घालू व्हय? तीबी बाईच असंल की."

तिनं विकल्या नाहीत. आठवड्यानंतर चार उरल्या. बाकीच्या परड्यामागं खड्डा काढून पुरल्या. मर आली की घाबरून बाजारात कोंबड्या विकायच्या आणि त्या बाजारातून मर दहा गावांत न्यायची, ही गोष्ट दरसाल घडायची. आईला रोगाचं शास्त्र ठाऊक नव्हतं, पण तो कसा पसरतो हे तिला पक्कं कळलं होतं.

जूनमध्ये गाडग्यातले पैसे एकाचंच भागेल एवढे निघाले. घरात कुणी चर्चा केली नाही. मी तालुक्याला गेलो. बहिणीनं खुराडं सांभाळलं.

त्या रोगाचं पुस्तकी नाव राणीखेत. कुमाऊँच्या डोंगरातल्या राणीखेत गावावरून ते पडलं. १९२० च्या दशकाच्या अखेरीस तिथं तो आढळला होता. त्याच डोंगरातल्या मुक्तेश्वरच्या सरकारी संस्थेत १९४० च्या दशकात त्यावरची लस तयार झाली. म्हणजे आमच्या कोंबड्या मेल्या तेव्हा लस निघून तीस वर्षं होत आली होती. मग ती परड्यापर्यंत का आली नाही? एका बाटलीत शंभर कोंबड्यांची लस. बाटली बर्फात ठेवायची, पाण्यात कालवली की दोनेक तासांत संपवायची. बावीस कोंबड्यांसाठी तालुक्याहून बर्फात बाटली कोण आणणार? लस मोठ्या पोल्ट्रीच्या सोयीची होती. शेजारणींनी मिळून एक बाटली आणावी, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही आणि आमच्याही डोक्यात आलं नाही.

बाहेरून परड्यात जे आलं ते बहुतेक वेळा असंच दुसऱ्याच्या सोयीचं होतं. सुधारणा म्हणून पांढरे लेगहॉर्न कोंबडे आले. त्या जातीच्या कोंबड्या अंडी भरपूर देतात, पण खुडूक बसत नाहीत. पिल्लं कोण काढणार? आणि पांढरा पक्षी घारीला लांबून दिसतो. आमच्या गावातले एका उन्हाळ्यात संपले. पुढं पुण्याच्या आसपास पिंजऱ्यातल्या कोंबड्यांचा मोठा धंदा उभा राहिला. १९८२ साली अंडी उत्पादकांची एन.ई.सी.सी. स्थापन झाली आणि व्यापाऱ्यानं सांगितलेल्या दराऐवजी उत्पादक स्वतः दर जाहीर करू लागले. ती गोष्ट मोठीच होती, पण पाच-दहा कोंबड्यांच्या बाईचा त्यात संबंध नव्हता. मग परड्यासाठी म्हणून रंगीत जाती निघाल्या, बंगळुरूच्या कृषी विद्यापीठाची गिरिराज, हैदराबादची वनराज. त्या मात्र टिकल्या.

आणि २००६ चा फेब्रुवारी. नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्लू सापडला, देशातला पहिलाच. मोठ्या पोल्ट्र्यांबरोबर आसपासच्या गावांतल्या घरोघरच्या कोंबड्याही मारून पुराव्या लागल्या. रोग थांबवायचा तर ते करणं भागच होतं, आणि सरकारनं भरपाई दिली. पण भरपाई पक्ष्यांच्या संख्येवर मिळाली. खुडूक बसलेल्या कोंबडीखालची तेरा अंडी कुठल्या दरात धरायची? ती बातमी वाचताना मला परड्यामागचा आमचा खड्डा आठवला.

आता माझी वही. दहा तलंगा, दर ३५० रुपये. खुराड्याचा पत्रा, जाळी, सुतार मिळून ६,८०० रुपये. ते पाच वर्षं टिकेल असं धरलं तर वर्षाचे १,३६०. पहिल्याच महिन्यात जाळीच्या फटीतून मुंगूस शिरलं, दोन गेल्या, म्हणजे ७०० रुपये. उरलेल्या आठ आणि कोंबडा मोकळ्या फिरतात, तरी दर पक्ष्याला रोज पन्नास ग्रॅम मका-कणी लागतेच. वर्षाचं दाणं ४,१०० रुपयांचं. लस नि जंताचं औषध ५००. अंडी मिळाली ५६०. आता गावरान अंड्याला मान आहे, बारा रुपयांनी जातं. ६,७२० रुपये झाले. सगळं वजा जाता वर्षाला उरले ६० रुपये. आणि रोज माझा एक तास, म्हणजे ३६५ तास.

मी ही बेरीज तीनदा केली. मग उमगलं, की 'फुकटच्या कोंबड्या' फुकट नव्हत्याच. आईच्या काळी पत्रा-जाळी नव्हती, दाणं विकतचं नव्हतं, त्या जागी आई आणि बहीण होत्या. त्यांचा तास कुणी वहीत धरला नाही, म्हणून उत्पन्न शिल्लक दिसत होतं. त्या शिलकीवर मी मास्तर झालो.

परवा बहीण राहायला आली होती. तिच्या पदरात अजून पंधरा-वीस कोंबड्या असतात. वही दाखवली तर चष्मा लावून सगळी वाचली, आकड्यांबद्दल काही बोलली नाही. विचारलं ते एवढंच, "मुंगसाची फट बुजवलीस का?"

मग पिशवीतून थर्मास काढला. आत बर्फात लशीची बाटली. तिच्या गल्लीतल्या चौदा घरांनी मिळून ठरवून टाकलंय. ही बाटली आणते, घरोघर जाऊन पिल्लांच्या डोळ्यात थेंब टाकते, दर पिल्लामागं एक रुपया घेते. पाच-सहा वर्षं झाली, गल्लीत मर नाही. इथं येताना आमच्या आळीतल्या बायकांना तिनं आधीच फोन करून ठेवले होते. बाटली वाया जायला नको.

माझ्या कोंबडीखाली नऊ पिल्लं निघाली होती. मी एकेक धरून देत होतो, ती थेंब टाकत होती. पाचव्या पिल्लाला मी विचारलं, म्हणजे तिला विचारलं, "तुला तवा शाळेत जायचं हुतं का गं?"

तिनं वर पाहिलं नाही.

"जायचं हुतं की. दप्तर शिवून ठेवलं हुतं मी. पन्नास वर्सं झाली, आत्ता इचारतोयस व्हय दादा?" मग जरा थांबून म्हणाली, "धर नीट. डोळा मिटतंय ते. थेंब आत जाऊस्तवर सोडू नगंस."