किती गळतंय?

माझी बरीचशी नोकरी एमआरआयच्या कन्सोलवर गेली. हार्टचा पेशंट आत गेला की नातेवाईक दारातच विचारतात, “व्हॉल्व्ह लीक आहे म्हणे, पण किती?”

डब्लिनच्या डॉमिनिक कॉरिगननं १८३२ साली महाधमनीच्या गळक्या झडपेची लक्षणं नोंदवली. मानेतल्या धमन्या उडताना दिसायच्या, नाडी हाताखाली उसळून झटकन बसायची. गळती कळायची, आकडा नव्हता. पुढे सोनोग्राफीतलं कलर डॉपलर आलं. पण फवारा मोठा दिसला म्हणून गळती मोठी असतेच असं नाही.

आमच्या मशीनची वंशावळ मात्र मजेशीर आहे. १९५९ मध्ये सिंगर यांनी उंदरांच्या शेपटीतला रक्तप्रवाह चुंबकीय अनुनादानं मोजला. पुढच्याच वर्षी अर्विन हान यांनी तीच विद्या समुद्राच्या पाण्याची हालचाल ओळखायला सुचवली. हृदयाचं नावही नाही! तत्त्व असं: चुंबकक्षेत्राला आधी एका बाजूला उतार द्यायचा, मग तेवढाच उलट. जागच्या प्रोटॉनचा हिशेब शून्यावर येतो. वाहता प्रोटॉन तेवढ्यात पुढे सरकलेला असतो, त्याचा जमाखर्च जुळत नाही. उरलेल्या फरकातून वेग निघतो. १९८६ मध्ये लंडनच्या नेलर, फर्मिन आणि लाँगमोर यांनी या तत्त्वावर धडधडत्या हृदयातल्या रक्तप्रवाहाची चित्रमालिका मांडली.

पडद्यावर एका दिशेचं रक्त पांढरं, उलट दिशेचं काळं, बाकी सगळं करडं. वेगाची मर्यादा आधी ठरवावी लागते. आम्ही तिला ‘व्हेन्क’ म्हणतो. समजा सेकंदाला १५० सेंटिमीटर ठेवली आणि रक्त त्याहून जोरात आलं, तर पांढऱ्याच्या मधोमध काळा डाग उमटतो. मग मर्यादा वाढवून पुन्हा “श्वास सोडा, थांबा”. उगाच फार वाढवली, तर मागे येणारा संथ प्रवाह खरखरीत बुडतो.

महाधमनीतून ९० मिलिलिटर पुढे गेलं, ३६ परत आलं, म्हणजे गळती ४० टक्के. मायट्रल झडपेचं काम जास्त किचकट, कारण ठोक्यागणिक ती स्वतःच खालीवर होते आणि स्लाइस एका जागी ठरलेली. म्हणून सहसा तिच्या वाटेला न जाता वजाबाकी करतात: डाव्या जवनिकेनं ११० ढकललं, महाधमनीत ७० पोचलं, बाकीचं ४० मागे फिरलं. महाधमनीची झडपही गळत असली, तरी तिच्यातून पुढे गेलेलं सगळं रक्त धरलं की हे गणित चालतं. ठोके अनियमित असतील तर मात्र चित्रांचा ईसीजीशी मेळ बसत नाही, आणि अशा पेशंटला तासभर टेबलावर ठेवूनही रिपोर्टवर ‘अंदाजे’ लिहावं लागतं.