काळं तेल आणि खंबाटकीचा पायथा

मागच्या वीकेंडला गावी, खंडाळ्याला होतो. (लोणावळ्याजवळचं नाही हो, साताऱ्याचं! प्रत्येकाला सांगावं लागतं.) कारचं ऑईल घरीच बदलायला एक्स्ट्रॅक्टर कुठला घ्यावा, असा विषय काढला, तर आजोबा थेट फियाटवर गेले.

वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली. कुर्ल्यात बनलेली फियाट ११००, म्हणजे पुढची पद्मिनी, १०८९ सीसीच्या जोरावर पुण्याहून खंडाळ्यापर्यंत यायची आणि पुढ्यात खंबाटकी! चढ खालच्या गिअरमध्ये, इंजिन तापलेलं. ऑईल बदलणं आमच्याकडे घरचाच उद्योग. गाडी खड्ड्यावर घ्यायची, खालचा बोल्ट काढायचा, तेल डब्यात. आणि मग डबा? "बांधावर ओतायचो," आजोबा म्हणाले. बांधापासून विहीर वीस पावलांवर. मी गप्पच झालो.

असो. एक्स्ट्रॅक्टर डिपस्टिकच्या नळीतून वरूनच तेल ओढतो. गाडीखाली झोपायला नको, बोल्टचे आटे जायची भीती नाही (माझे एका गॅरेजात गेलेत). पण नळी चेंबरच्या तळापर्यंत पोचली पाहिजे, नाहीतर जुनं तेल तिथेच राहतं. मी हातपंपाचा, मापाच्या खुणा असलेला घेतला. वीज लागत नाही आणि किती निघालं ते दिसतं. तेल कोमट असतानाच ओढायचं, उकळतं नाही.

२०१६ च्या नियमांत वापरलेलं ऑईल घातक कचऱ्यात धरलंय. म्हणून झाकणाच्या कॅनमध्ये भरलं, पुण्यात अधिकृत रीसायकलरकडे द्यायला. निघताना आजोबा म्हणाले, "अरे, फाटकाच्या बिजागरीला थोडं ठेव की."

वाटीभर ठेवलं.